वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्स जुना, इंजिन नवं

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाभोवती, इंजिन आणि गिअरबॉक्स नीट जुळवण्याभोवती, फिरणारी निघाली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. त्या प्रश्नात एका घराचा रोजचा धंदा आणि घाटातला रस्ता आहे, म्हणून ते लांबू दिलं.

प्रश्न : माझी 2005 ची महिंद्रा पिकअप आहे. 2.5 लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, पाच गिअर. मलकापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, रत्नागिरीला भाजी नेतो. इंजिन कामाला आलंय. धूर मारतं, ऑइल खातं, परत येताना घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. ओळखीच्या भंगारवाल्याकडे 2011 च्या स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन 80 हजारांत मिळतंय. ती गाडी मागून ठोकलेली, इंजिनाला धक्का नाही. मिस्त्री म्हणतात, "दोन दिवसांत बसवून देतो, गिअरबॉक्स जुनाच राहू दे." बसवू का?
– एक वाचक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : बसवू नका.

तुमचे मिस्त्री खोटं बोलत नाहीत, हे आधी सांगतो. इंजिन चेसिसवर टेकवायला दोन दिवस पुरतात. फाउंडेशनच्या पट्ट्या वेल्डिंग करायच्या, मध्ये एक प्लेट घालायची, चेनब्लॉकने इंजिन खाली सोडायचं. सेल्फ मारला की इंजिन सुरूही होईल. मीसुद्धा एके काळी एवढ्यालाच काम समजत होतो.

1994 सालची गोष्ट. आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडील तेव्हा रोज गॅरेजला यायचे. शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांची महिंद्राची एफसी 150 आली. ही गाडी आता बघायला मिळत नाही. तिला पुढे नाक नाही, ड्रायव्हर इंजिनाच्या बरोबरीने बसतो आणि इंजिनाला हात घालायचा तर केबिनमधलं झाकण उचलावं लागतं. आत हरिकेन पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरचा टी 90 गिअरबॉक्स. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणलं. ओएम 616, मर्सिडीजच्या परवान्याखाली बजाज टेम्पो बनवत असे ते. तेव्हा आरटीओची परवानगी काढून असा बदल आरसी बुकावर चढवून घेता येत होता. तो त्यांनी घेतला.

मी 16 मिलिमीटरची प्लेट कापून आणली. एका अंगाला मॅटाडोरची भोकं, दुसऱ्या अंगाला जीपची. गाडी सुरू झाली, पेढे वाटले. दोन महिन्यांनी गाडी परत आली. टॉप गिअर चालता चालता आपोआप सुटायचा आणि क्लच दाबला की आतून किरकिर यायची. गिअरबॉक्स उतरवला. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला, फ्लायव्हीलच्या (त्यावरच्या जड चाकाच्या) मधोमध एक छोटा पायलट बुश असतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं नाक त्यात फिरतं. तो बुश जागेवर नव्हताच. मी भोकात बोट घातलं तर बोटाला हळदीसारखी पिवळी पूड लागली. वडिलांनी ती पूड स्वतःच्या तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि शेजारच्या टर्नरकडून डायल गेज (केसाएवढा फरकही सुईने दाखवणारं माप) मागून आणायला मला पिटाळलं. गेज फिरवला तेव्हा कळलं की माझी प्लेट मध्यापासून 0.4 मिलिमीटर सरकलेली होती. डोळ्यांना न दिसणारी चूक, पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला तेवढा वाकून फिरत होता. बुश संपला, मग इनपुटचं बेरिंग गेलं, मग गिअर सुटायला लागला. सगळा खर्च आम्ही सोसला आणि तो रास्तच होता.

त्या दिवसापासून इंजिन बदलाचा प्रश्न कुणी विचारला की मी इंजिनाकडे बघतच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात त्या चार बोटं जागेकडे बघतो. तिथे पाच गोष्टी जुळाव्या लागतात. क्लच हाउसिंगची (क्लचवरच्या खोळीची) भोकं आणि ती खोळ नेमक्या जागी धरणाऱ्या डॉवेल पिना, क्रँकचा फ्लँज (फ्लायव्हील बसतं ते तोंड) हाउसिंगच्या तोंडापासून किती आत आहे ती खोली, पायलट बुशाचं आतलं माप, क्लच प्लेटच्या मधल्या खाचा इनपुट शाफ्टवर बसतात का, आणि क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेरिंगला पुढे-मागे सरकायला उरलेली जागा. एमहॉक आणि तुमचा गिअरबॉक्स एकमेकांसाठी बनलेले नाहीत. ह्या पाचांतलं प्रत्येक माप घेऊन ते लेथवर साधावं लागेल. त्याला दोन दिवस पुरत नाहीत. नीट करायचं तर माझ्या हाताला तीन आठवडे लागतात.

आता ताकदीचं बघू. तुमच्या डीआय इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 88.9 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 101.6 मिलिमीटर. इंचात सांगायचं तर साडेतीन बाय चार. लांब स्ट्रोकचं, ट्रॅक्टरच्या वळणाचं, सावकाश ओढणारं इंजिन. साठ-पासष्ट अश्वशक्ती, टॉर्क (पिळायची ताकद) 180 न्यूटन-मीटरच्या आसपास. एमहॉक 2,179 सीसीचं, म्हणजे आकाराने लहान, पण 120 अश्वशक्ती आणि 290 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर चार धरलं तर आज तुमच्या प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) 720 न्यूटन-मीटर येतात, उद्या 1,160 येतील. तेच क्रॉस, तेच दांडे, तोच वीस वर्षं जुना डिफरन्शिअल. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा उचल घेतली की ह्यातलं जे सगळ्यात थकलेलं असेल ते आधी जाईल.

पण मला तुमच्या चढाची काळजी कमी आहे, उताराची जास्त. तुम्ही भाजी भरून आंबा घाट उतरता. रिकामी गाडी चढते, भरलेली उतरते. ब्रेक मात्र साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या गाडीचेच राहणार. शिवाय डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम लागतं आणि त्यासाठी वेगळा पंप असतो. तुमच्या डीआय इंजिनात तो अल्टरनेटरच्या पाठीला बसलेला आहे. इंजिन बदलताना अल्टरनेटर बदलतो, नळ्या बदलतात आणि ही एक नळी बऱ्याचदा कुठेतरी अर्धवट जोडली जाते किंवा जुनी, चिरलेली तशीच राहते. सपाटीवर ब्रेक लागतो, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. घाटात चार वळणांवर लागोपाठ पाय दिला की पाचव्या वळणावर पेडल लाकडासारखं कडक होतं.

ही तपासणी आजच, आहे त्या गाडीवर करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेलं व्हॅक्यूम संपेल. मग पाय पेडलवर दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. हललंच नाही तर घाटाला जाऊ नका. आधी नळी, वॉल्व्ह आणि पंप बघून घ्या.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. तुमच्या आजच्या इंजिनाला चालू राहायला वीज जवळजवळ लागतच नाही, बंद करायच्या सोलेनॉइडची एक वायर सोडली तर. एमहॉक कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल जातं आणि ते विजेच्या इशाऱ्यावर सुटतं. त्याला ईसीयू (इंजिनाचा संगणक) लागतो, क्रँक आणि कॅमचे सेन्सर लागतात, ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा सेन्सरवालं लागतं आणि किल्लीतली चिप ओळख देईपर्यंत इंजिन सुरू होत नाही. म्हणजे ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरांची जुडी), पेडल आणि किल्ली हे सगळं त्याच एका स्कॉर्पिओतून यायला हवं. भंगारवाला नुसतं इंजिन देत असेल तर त्या 80 हजारांत तुम्ही अर्धीच वस्तू घेताय. वर इंटरकूलर आणि मोठा रेडिएटर. आणि तुमची डिझेलची टाकी आतून गंजलेली असेल तर तो गंज फिल्टरमधून निसटून इंजेक्टर खाईल. जुना मायको डिझेल पंप बरंच सोसतो, कॉमन रेल सोसत नाही.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ही तुमच्या मिस्त्रींनाही वाचून दाखवा. जुन्या डिझेलवर आपण सगळेच एक गोष्ट करत आलो : इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपाचं नट सैल करायचं आणि कोणता सिलिंडर मारत नाही ते शोधायचं. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या पाइपात दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. मी शारजाला गॅरेजात कामाला असताना माझ्या शेजारच्या गाडीवर काम करणाऱ्या एकाने गळती शोधायला पाइपाजवळ बोट नेलं होतं. बोटावर फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका दिसत होता, रक्तही नाही. तो म्हणाला, काही नाही, जेवून घेतो. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला आणि रात्री शस्त्रक्रिया झाली. डिझेल कातडीखाली गेलं होतं. बोट राहिलं, पण वाकत नाही. अशी जखम दिसायला कितीही छोटी असो, तासाभरात दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगायचे.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सन 2000 मध्ये बदललं. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाला मान्यताप्राप्त किटची वाट ठेवलेली आहे, पण दुसऱ्या जातीचं जास्त ताकदीचं इंजिन त्यात बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम 182-ए आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमची गाडी मालवाहू, आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे दरवर्षी पासिंगला जाणार. तिथे लपणार नाही. आणि पासिंगपेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून स्कॉर्पिओचं इंजिन बघितलं तर पुढचं सगळं तुमच्या सातबाऱ्यावर येऊ शकतं. ह्यासाठी मी माझ्या गॅरेजात मालवाहू गाडीचं असं काम घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

मग करायचं काय? आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. तुम्ही धुराचा रंग लिहिला नाही. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल आणि ओढ नसेल तर आधी एअर फिल्टर, मग पंप आणि नोझल तपासा. सगळा दोष रिंगांवर टाकायची घाई नको. इंजिन गरम करून, बंद न करता ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर हात धरा. वाफेचे झोत जोरात हाताला लागत असतील तर रिंगा-बोअर गेले. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजून घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

बोअर गेलाच असेल तर दोन वाटा. एक, पूर्ण इंजिन काम : बोअर, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, बेरिंगा, हेडचं फेसिंग, वॉल्व्ह सीट, आणि ह्याच वेळी पंप-नोझल कॅलिब्रेशन. हे शेवटचं लोक टाळतात आणि मग नवं इंजिन जुनाच धूर मारतं. दुसरी, त्याच जातीचं डीआय इंजिन, कमी चाललेलं, कागदांसह मिळालं तर ते. आधी आरटीओत विचारून मगच बसवा आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. विमा कंपनीलाही लेखी द्या. भंगारवाल्याकडून बिल घेतल्याशिवाय आणि त्या गाडीची आरसी बघितल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. चोरीच्या गाडीचा इंजिन नंबर तुमच्या नावावर चढला तर ती फरफट वर्षानुवर्षं चालते.

गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरनेच घाट चढेल, हे मला माहीत आहे. चढू दे. त्या घाटाला डीआय तशीच चढायची, नवी होती तेव्हाही.

प्रश्न : मी मूळचा इचलकरंजीचा, आता ह्यूस्टनला असतो. 1984 ची शेव्हरोले सी 10 पिकअप घेतली आहे, चार गिअरचा एसएम 465 मॅन्युअल गिअरबॉक्स. जुनं व्ही-8 इंजिन संपलंय. 2004 च्या सिल्व्हराडोचं 5.3 लिटर इंजिन मिळालंय. इथले सगळे म्हणतात, शेव्हीच्या जुन्या आणि नव्या इंजिनांची भोकं तीच आहेत, थेट बसतं. खरंच का? गिअरबॉक्स मला मॅन्युअलच ठेवायचा आहे.
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला शारजातली आठ वर्षं आठवली. 2001 ते 2009 मी तिथल्या इंडस्ट्रियल एरियात होतो आणि अमेरिकेतून कंटेनर भरून येणारी ही 5.3 आणि 6.0 ची इंजिनं आम्ही जुन्या पिकअपमध्ये घालत होतो. ह्या कामाला तुमच्याकडे आडकाठी नाही. टेक्सासमध्ये 25 वर्षांपुढच्या गाडीला धुराची तपासणी लागत नाही आणि खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणीही जानेवारी 2025 पासून बंद झाली. पण उद्या गाडी घेऊन कॅलिफोर्नियाला राहायला गेलात तर हिशेब बदलेल. तिथे 1975 नंतरच्या पेट्रोल गाडीला इंजिन बदलायचं तर नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याची धूर कमी करणारी सगळी यंत्रणा सोबत बसवलेली हवी. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर आज टाकून देऊ नका.

"भोकं तीच आहेत" हे जवळजवळ खरं आहे. जुन्या क्लच हाउसिंगचा एक बोल्ट रिकामा राहतो, बाकीचे बसतात. ह्या बसण्यानेच माणूस फसतो. ह्या नव्या पिढीच्या इंजिनात क्रँकचा मागचा फ्लँज जुन्या शेव्ही व्ही-8 पेक्षा (स्मॉल ब्लॉकपेक्षा) 0.4 इंच पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे. 10 मिलिमीटर. म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच तेवढे गिअरबॉक्सपासून लांब गेले, आणि गिअरबॉक्स मात्र होता तिथेच आहे. इनपुट शाफ्टचं नाक पायलट बुशात पुरतं शिरत नाही, नुसतं टेकतं. गाडी सुरू होते, चालते, फिरवून आणतात, शाबासकी मिळते. बुश मरतो तो नंतर. माझ्या 1994 च्या चुकीत शाफ्ट बाजूला सरकला होता, इथे तो आखूड पडतो. शेवट दोन्हीकडे त्याच पिवळ्या पुडीत होतो.

ह्यावर उपाय तयार मिळतात : आखूड पडलेल्या नाकाला पोचेल असा वाढीव पायलट बुश, आणि ह्या क्रँकसाठीच बनवलेलं फ्लायव्हील, किंवा मध्ये 0.4 इंचाचा स्पेसर (चकती) आणि लांब बोल्ट. मी फ्लायव्हीलवालं घेईन. स्पेसर म्हणजे आणखी दोन तोंडं, ती दोन्ही सपाट असायला हवीत. काही घ्यायच्या आधी गिअरबॉक्स खाली टेबलावर ठेवा आणि हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचं नाक किती बाहेर येतं ते डेप्थ व्हर्नियरने मोजा. इंजिनाच्या बाजूने बुश किती आत आहे ते मोजा. दोन्ही आकडे कागदावर आले की बाजारातल्या माणसाच्या बोलण्यावर विसंबावं लागत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. तुमचं इंजिन 2004 चं, म्हणजे थ्रॉटल केबलने चालत नाही, पेडलमधूनच विजेने चालतो. पेडल आणि त्याचा मॉड्यूल सिल्व्हराडोतूनच घ्या. जुन्या कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरत होतं, ह्याला 58 लागतं. ब्लॉकवरचा जुना यांत्रिक पंप बसवायला ह्या इंजिनात जागाच नाही. टाकीत विजेचा पंप आणि इंजेक्शनच्या दाबाची नळी घाला, जुनी रबरी नळी एक इंचही ठेवू नका. हेडवरून निघणारी बारीक वाफेची नळी रेडिएटरला जोडा, बंद करू नका. ती बंद केली की हेडमध्ये वाफ साठते. ईसीयूमधली चोरीविरोधी व्यवस्था आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची अपेक्षा ट्यूनरकडून (ईसीयूचा प्रोग्राम बदलणाऱ्याकडून) काढून घ्या, नाहीतर तो सतत नसलेला गिअरबॉक्स शोधत राहील.

आणि गिअर. एसएम 465 ह्या इंजिनाला घाबरत नाही, ओझ्याच्या गाडीसाठीच बनलेला आहे. पहिला गिअर 6.55, रोज वापरायचा नाहीच. पण चौथा गिअर 1 ला 1 आहे, त्याच्यावर ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअर) नाही. तुमचा मागचा ॲक्सल 3.73 चा निघाला आणि चाकाचा घेर 2.2 मीटर भरला तर 70 मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला 3,200 च्या आसपास फेरे घेईल. ह्यूस्टनहून डॅलसला जाताना ते कानाला कळेल. ॲक्सल कोणता आहे ते ओळखायला पुढच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची अटकण लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून मोजा. तीन फेरे आणि चौथ्याचा पाऊण झाला तर 3.73 धरा. तीनच्या जरा वर थांबला तर 3.08, आणि मग हा गिअरबॉक्स तुमच्या रस्त्याला छान जमेल. हे मोजल्याशिवाय पाच गिअरचा बॉक्स शोधायला पैसे घालू नका.

प्रश्न : मी आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेडला आहे, वर्गात आम्ही दोघीच मुली. क्लच हाउसिंग डायल गेजने तपासतात असं सरांनी सांगितलं, पण आमच्याकडे करून दाखवायला वेळ झाला नाही. घरी मामांच्या गॅरेजात गेज आहे. कसं करायचं ते नीट सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : सांगतो, आणि तू विचारलंस ह्याचा मला फार आनंद झाला. वीस-वीस वर्षं काम केलेले लोक हे विचारत नाहीत.

मामांना विचारून एखादा गिअरबॉक्स उतरवलेला असेल तेव्हा कर. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट काढून ठेव. क्लच हाउसिंग इंजिनाला बोल्टने पूर्ण आवळलेलं हवं, सैल ठेवून मोजायचं नाही. मॅग्नेटचा स्टँड फ्लायव्हीलवर चिकटव. गेजची सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकव, जिथे गिअरबॉक्सचं तोंड बसतं तिथे. आधी ती कड कापडाने पूस, रंगाचा किंवा गंजाचा एक कण असला तरी आकडा खोटा येतो.

मग क्रँक हाताने फिरव. डिझेल इंजिन असेल तर ग्लो प्लग काढ, म्हणजे दाब लागणार नाही आणि क्रँक हळू, एकसारखा फिरेल. सेल्फ अजिबात मारू नकोस, बॅटरीची वायर काढूनच ठेव. घड्याळात बारा वाजतात तिथे सुई आणून गेज शून्यावर लाव. मग तीन, सहा आणि नऊ ह्या जागांवरचे आकडे लिही. परत बारावर आलीस की शून्यच दिसायला हवं. नाही दिसलं तर स्टँड हललाय, पुन्हा सुरुवात कर. आणखी एक पडताळा : तीन आणि नऊ ह्यांची बेरीज, बारा आणि सहा ह्यांच्या बेरजेइतकी यायला हवी. येत नसेल तर सुई तिरकी बसली आहे किंवा भोक गोल राहिलेलं नाही.

समज, सहावर 0.60 मिलिमीटर आलं. हाउसिंग त्याच्या निम्मं, म्हणजे 0.30 सरकलेलं आहे. मी गेजवरचा आकडा पाव मिलिमीटरच्या आत असल्याशिवाय गिअरबॉक्स चढवत नाही. जास्त आला तर आधी हाउसिंग काढून डॉवेल पिना बघ. एखादी पिन वाकलेली, गंजलेली किंवा बसवलेलीच नाही, असं पुष्कळदा निघतं आणि काम तिथेच संपतं. पिना ठीक असतील तर ऑफसेट पिना (मध्य सरकवलेल्या) मिळतात किंवा टर्नरकडून करून घेता येतात. त्यांनी हाउसिंग हवं त्या बाजूला सरकवता येतं.

भोकाचं झालं की सुई हाउसिंगच्या सपाट तोंडावर टेकवून पुन्हा एक फेरी मार. ह्या वेळी क्रँक फिरवताना तो एकाच दिशेला, पुढे नाहीतर मागे, हाताने दाबून धरायला कुणाला तरी सांग. क्रँकला पुढे-मागे थोडी खेळ असते आणि ती आकड्यात मिसळते. तुझी मैत्रीण असेल तर तिला क्रँक दाबायला लाव आणि तू आकडे लिही. मग दोघींनी जागा बदला. दोघींचे आकडे सारखे आले तर वही सरांना दाखव. वेगळे आले तर मला लिहा, मापांसकट.